मिंकच्या पिंजऱ्यात बदललेला विषाणू

कोरोना विषाणूचा जनुकीय आराखडा सुमारे ३०,००० अक्षरांचा असतो. पेशीत शिरल्यावर त्याच्या असंख्य प्रती निघतात आणि नकलताना चुका होतात. बऱ्याच चुका विषाणूचेच एक विकर दुरुस्त करते, काही मात्र निसटतात. त्यांतल्या कोणत्या टिकतील, हे यजमान प्राण्यावरही अवलंबून असते.

२०२० साली नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये हे दिसले. फरसाठी पाळलेल्या मिंक या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांना माणसांकडून कोविडची लागण झाली. विषाणू आपल्या काटेरी प्रथिनाने पेशीवरच्या एसीई-२ या ग्राहीला चिकटतो. मिंकमधली ग्राही माणसातल्यापेक्षा थोडी वेगळी असते. काटेरी प्रथिनात ४५३व्या जागी टायरोसिनऐवजी फेनिलॲलनिन आलेला विषाणू तिला अधिक घट्ट चिकटला आणि दाटीवाटीच्या पिंजऱ्यांत फोफावला. पुढे तो माणसांतही परतला. नोव्हेंबर २०२० मध्ये डेन्मार्क सरकारने देशातले सगळे, म्हणजे दीड कोटीहून अधिक मिंक मारायचे जाहीर केले.

विषाणू ठरवून बदलत नाही; त्याला संधी आपण देतो. म्हणून घरात कोणाला कोविड झाला, तर त्याने कुत्र्या-मांजरांपासूनही दूर राहावे.