ओहोळाकाठचे तेरे

आषाढाच्या सरी कोसळू लागल्या की कोकणात आणि गोव्यात ओहोळाच्या काठी, पाणवठ्याच्या चिखलात, परसातल्या सांडपाण्याच्या पाटाशी हिरव्या ढालींसारखी पाने वर येतात. ती कोणी लावलेली नसतात. त्यांना तेथे तेरे म्हणतात. इतरत्र रानअळू एवढ्यावरच भागते. उत्तरेस ज्याची अरवी किंवा घुइयां होते, बंगालात ज्यास कचू आणि केरळात चेंबू म्हणतात, त्याच अळवाचे हे रानटी भावंड. वनस्पतिशास्त्राने नावही दोघांना एकच दिले आहे : कोलोकेशिया एस्क्युलेंटा. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘खाण्याजोगे’. तेऱ्याचा कच्चा देठ ज्याने एकदा चावून पाहिला, त्याला मात्र हे नामकरण थट्टेचेच वाटेल.

तेऱ्याला खरे खोड म्हणून जमिनीवर काही नसते. जमिनीत कंद, आणि त्यातून निघालेले लांब, मांसल देठ. देठ पानाच्या कडेला न जोडता पात्याच्या पाठीवर, थोडा आत जोडलेला असतो. म्हणून पान ढालीसारखे दिसते आणि त्याचे टोक खाली लोंबते. पानावर मेणाचा अतिसूक्ष्म थर असतो व त्याखाली डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. त्यामुळे पाण्याचा थेंब पसरत नाही, पाऱ्यासारखा घरंगळतो. ‘अळवावरचे पाणी’ हा मराठीतला वाक्प्रचार या मेणातूनच जन्मला. पहाटे पानाच्या टोकाशी लटकलेले थेंब मात्र नेहमी दवाचेच असतात असे नाही. रात्री मुळांनी ओढून घेतलेले जास्तीचे पाणी झाड तेथून बाहेर टाकीत असते.

फुलोरा पाहिलेला माणूस विरळा. पिवळसर महाछदाच्या कुशीत एक दांडा. त्याच्या बुडाशी स्त्रीपुष्पे, वर पुंपुष्पे. बारीक माश्या त्यात येतात, तेथेच अंडी घालतात आणि जाता-येता परागण उरकतात. पण तेऱ्याची खरी मदार बियांवर नाही. चिखलावरून धावणारे लांब फुटवे तो सोडतो, आणि एका पावसाळ्यात सारा काठ व्यापतो.

आता त्या खाजेविषयी. पानांत, देठांत आणि कंदातही कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या जुड्या बांधून ठेवाव्यात तशा पेशींतून दिसतात. पान चावले की पेशी फुटतात आणि सुया जिभेत, टाळूत, घशात घुसतात. त्यांच्या अंगावर असलेली प्रथिने दाह आणखी वाढवितात, असे संशोधकांचे मत आहे. गुराने एकदा तोंड लावले की पुन्हा लावू नये, एवढ्यासाठी झाडाने केलेली ही तजवीज होय. लागवडीच्या अळवात माणसाने पिढ्यान्‌पिढ्या कमी खाजरी झाडे निवडली. तेऱ्याच्या वाट्याला ती निवड आली नाही.

म्हणून तेरे रांधणे ही बेताने करावयाची गोष्ट आहे. कोवळी पाने घ्यावयाची, देठ सोलावयाचे, हातांना आधी तेल चोळावयाचे. मग चिंच, कोकम, अंबाडे किंवा बिंबले यांपैकी काही आंबट घालून, आठळ्यांसोबत, भाजी अगदी गळून जाईपर्यंत शिजवावयाची. सुया उकळून विरघळत नाहीत. पण दीर्घ शिजण्याने दाहक प्रथिने निकामी होतात आणि विद्राव्य ऑक्झलेटही बरेचसे पाण्यात उतरते. घाईत केलेली भाजी साऱ्या पंगतीचा घसा धरते, हे कोकणातल्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. मूतखड्याचा विकार असलेल्यांनी मात्र नीट शिजवलेल्या भाजीपासूनही दूर राहणे बरे.

औषध म्हणून तेऱ्याची कीर्ती जुनी आहे. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांच्या १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय औषधी वनस्पतींवरील ग्रंथात अळवाला स्थान मिळाले आहे. कापले असता देठाचा रस जखमेवर पिळून रक्त थांबविणे, गांधीलमाशी डसल्यावर तोच रस चोळणे, कंदाचा रस टक्कल पडलेल्या जागी लावणे, असे उपयोग परंपरेने चालत आले. यांतील बहुतेक बाह्य आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्या लोकांनी हे उपाय शोधले, त्यांना झाडाचा स्वभाव ठाऊक होता. कानदुखीवर हा रस कानात पिळण्याची चालही आढळते. ती मात्र सोडूनच द्यावी. सुयांनी भरलेला कच्चा रस कानाच्या पडद्यापर्यंत जाऊ देणे यात शहाणपण नाही, आणि त्यापायी वैद्याकडे जाण्यास होणारा उशीर त्याहून वाईट. रक्त थांबविण्याचेही तसेच : शेतात विळा लागला तर देठाचा रस हाताशी असेल, पण भळभळणाऱ्या जखमेला घट्ट दाब आणि दवाखाना हेच हवे.

बंगाली वैद्यांचा मानकंद हा याच कुळातला, पण निराळा. सूज उतरविण्यासाठी ते त्याचे जुने वाळलेले चूर्ण तांदळाच्या पिठात व दुधात शिजवून देत. मराठीत त्या झाडास कासाळू म्हणतात. त्याची प्रचंड पाने टोक वर करून उभी राहतात, तेऱ्याची खाली झुकतात. हा फरक न जाणता ओहोळावरून भाजी खुडणारा नवखा फसतो, कारण कासाळूची खाज तेऱ्याहून जबर असते. अशा वेळी थंड दूध किंवा दही तोंडात घोळविल्याने बरे वाटते. मात्र जीभ सुजू लागली, गिळता येईना किंवा श्वास अडखळू लागला, तर घरगुती उपायांत एक क्षणही न दवडता रोग्याला दवाखान्यात न्यावे. लहान मुलांच्या बाबतीत तर ही सूज फार झपाट्याने वाढू शकते.