इंग्लंडच्या प्राथमिक शाळेतील मनाचा आणि आरोग्याचा तास

वैयक्तिक, सामाजिक, आरोग्य व आर्थिक शिक्षणाला इंग्लंडमध्ये थोडक्यात ‘पीएसएचई’ म्हणतात. सरकारी शाळांत हा विषय बरीच वर्षे मर्जीचा होता. २०१७च्या कायद्याने वाट मोकळी झाली आणि सप्टेंबर २०२०पासून तेथील सर्व प्राथमिक शाळांत नातेसंबंधांचे, तर सरकारी अनुदानावरील शाळांत आरोग्याचेही शिक्षण सक्तीचे झाले.

आहार, झोप, दातांची निगा, प्रथमोपचार हे भाग ओळखीचेच. खरे मोल आहे ते भावनांना नावे देण्याच्या शिक्षणाला. पाच-सहा वर्षांच्या मुलाला राग, भीती, एकटेपणा यांतला फरक शब्दांत सांगता येत नाही. मग ते ढकलते, रडते किंवा गप्प बसते. शब्द सापडला की मदत मागता येते. त्यासाठी मुले वर्तुळात बसून बोलतात, एकमेकांचे ऐकून घेतात. कित्येक वर्गांत मनातली काळजी चिठ्ठीवर लिहून टाकण्यासाठी पेटीही असते. आपले शरीर आपले आहे, नकोसा स्पर्श कोणता, सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर गुपित पाळायचे नाही, हेही येथेच शिकवतात. मुलांच्या संरक्षणासाठी याहून मोलाचा पाठ क्वचितच असेल.

लैंगिक शिक्षण मात्र प्राथमिक स्तरावर सक्तीचे नाही. शाळा ते देत असेल, तर पालक पाल्याला त्यातून वगळण्याची मागणी करू शकतात. नातेसंबंध व आरोग्याच्या तासांना ही सवलत नाही.