कारखान्याची चिमणी, चर्चचा क्रूस



मागच्या बैठकीत आमच्या गटात एक विषय निघाला. गावाबाहेर जिनिंगची शेड कितीतरी वर्षं बंद पडून आहे. पावसाळ्यात आम्हाला बसायला जागा नाही, माल ठेवायला जागा नाही. मग ती शेड का मागू नये? एक ताई म्हणाल्या, "मागूया." दुसऱ्या म्हणाल्या, "पडकी शेड ती, पत्रा कुणाच्या डोक्यात पडला म्हणजे?" दोघींचंही खरंच होतं. म्हणून आज एका दूरच्या शहराची गोष्ट सांगते.

मुंबईला गेलेल्या बायांनी जुनी काळी-पिवळी टॅक्सी पाहिली असेल. लोक तिला 'फियाट'च म्हणायचे. ती कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची, पण मूळची गाडी इटलीच्या फियाट कंपनीची. या कंपनीचं शहर म्हणजे तुरीन. तिथला लिंगोत्तो कारखाना १९२३ साली सुरू झाला. पाच मजली आणि जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब. कच्चा माल खाली यायचा, गाडी मजल्यामजल्याने वर चढत तयार व्हायची आणि शेवटी गच्चीवर निघायची. गाडी पळवून बघायचा रस्ता गच्चीवरच होता!

१९८२ साली तो कारखाना बंद झाला. त्याच वर्षी जानेवारीत आपल्या मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. त्यानंतर कोकणात, साताऱ्यात किती घरांच्या मनिऑर्डरी थांबल्या, ते आपल्या सासवांना विचारा. कारखाना बंद पडतो तेव्हा नुसतं यंत्र थांबत नाही, चूलही थांबते. आणि मग प्रश्न उरतो, त्या जागेचं काय? मुंबईत पुष्कळ गिरण्यांच्या जागी मॉल आणि उंच इमारती आल्या. लिंगोत्तोची इमारत मात्र पाडली नाही. रेन्झो पियानो नावाच्या वास्तुरचनाकाराने तिच्यातच संगीताचं सभागृह, हॉटेल, दुकानं बसवली.

त्याच शहरात फियाटचा लोखंड-पोलादाचा कारखाना होता. तोही बंद पडला. त्या जागेवर २००६ साली एक चर्च उभं राहिलं. नाव सांतो वोल्तो, म्हणजे पवित्र मुख. मारिओ बोत्ता यांनी ते बांधलं. सात बाजूंनी सात बुरूज आणि मध्ये प्रार्थनेची जागा. येशूचं कफन मानलं जाणारं वस्त्र तुरीनमध्येच जपलेलं आहे. त्यावरचा चेहरा वेदीमागच्या भिंतीत लहान लहान दगडांनी उमटवलाय. दगड वेगवेगळ्या कोनांत कापलेत, त्यामुळे उजेड-सावलीतून मुख दिसतं.

इथे कारखान्याच्या शेडचं चर्च झालं नाही, चर्च नवीन बांधलं. पण एक गोष्ट मुद्दाम राखली, ती म्हणजे जुनी उंच चिमणी. तिच्याभोवती पोलादी वेटोळं चढवलं आणि टोकावर क्रूस लावला. जिच्यातून धूर निघायचा, तीच आता चर्चची खूण झाली. जिथे आपले आई-बाप राबले ती जागा पुसली गेली नाही, हे तिथल्या माणसाला रोज दिसतं. शेजारीच डोरा नदीकाठी बाग केलीय. तिच्यात कारखान्याचे लोखंडी खांब आणि छप्पर तसंच ठेवलंय. त्याखाली पोरं खेळतात आणि ईदला तिथेच मुसलमान बांधव नमाजासाठी जमतात. जागा एक, उपयोग सगळ्यांचा.

कारखान्याची शेड लोक जमण्यासाठी का बरी पडते? मध्ये खांब कमी, छत उंच, उजेड वरून येतो. तोटेही आहेत. पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी होते. मोकळ्या भिंतींमुळे आवाज घुमतो, बोललेलं कळत नाही. सतरंज्या, पडदे, लाकडी फळ्या लावल्या की घुमणं कमी होतं.

आता आपल्या शेडकडे येऊ. आत पाऊल टाकण्याआधी चार गोष्टी बघायच्या.

पहिली, मालकी. सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून बघा, जागा कुणाच्या नावावर आहे. तोंडी परवानगीवर पैसा घालू नका. मालकाशी लेखी करार करा आणि जागा पंचायतीची असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या.

दुसरी, छत. जुने राखाडी सिमेंटचे पत्रे पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचे असतात. ते फोडले, भोकं पाडली, झाडूने खरवडले की बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात बसते आणि वर्षांनी कॅन्सरसुद्धा होऊ शकतो. श्रमदान म्हणून असे पत्रे बायापोरांनी उतरवायचे नाहीत. ते काम जाणकारांचं.

तिसरी, भिंती, कैच्या आणि वायरिंग. अभियंत्याकडून तपासून लेखी घ्या.

चौथी, जमीन. यंत्राचं तेल, रसायनं मुरलेली असतील तर तिथे भाजी लावू नका, उघड्यावर पापड वाळत घालू नका.

बाहेर पडायला निदान दोन दारं हवीत, हेही लक्षात ठेवा.

आमच्या गटाने ठरवलंय, आधी उतारा काढायचा, मग अभियंता, मग ग्रामसभा. शेड मिळेल की नाही, सांगता येत नाही. पण मिळाली तर जिनिंगचा जुना वजनकाटा दारात तसाच ठेवायचा, असं आमच्यातल्या एका आजींनी आत्ताच सांगून ठेवलंय. त्यांनी तिथे सरकी निवडली होती.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.