शेतात मुक्कामाला जाताय? ॲडव्हान्स पाठवण्याआधी हे चार प्रश्न विचारा

परभणी : डिसेंबर-जानेवारीत रब्बी ज्वारी हुरड्यावर आली, की शेतातल्या मुक्कामाचे बेत ठरू लागतात. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने तर खास हुरड्यासाठी 'परभणी वसंत' हा ज्वारीचा वाण दिला आहे. जिंतूर तालुक्यात गेलात तर येलदरी धरण, चारठाण्याची प्राचीन मंदिरे आणि नेमगिरीची जैन लेणीही पाहता येतात. मात्र ज्या एकांतासाठी पैसे मोजायचे, त्याच एकांतामुळे अडचणीच्या वेळी मदत उशिरा पोहोचते. म्हणून बुकिंग करतानाच काही गोष्टी विचारून घ्या.

१. नोंदणी आहे का?
राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. त्यानुसार शेतकऱ्याला आपले केंद्र पर्यटन संचालनालयाकडे नोंदवता येते आणि तसे प्रमाणपत्र मिळते. त्याचा फोटो मागवा. 'फार्महाउस' अशी पाटी किंवा इन्स्टाग्रामवरचे पान म्हणजे नोंदणी नव्हे.

२. शेततळ्याला कुंपण आहे का?
मुले सोबत असतील तर हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पाणी झिरपू नये म्हणून अनेक शेततळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. उतारावरच्या ओल्या, शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही, हाताला धरायलाही काही मिळत नाही. त्यामुळे पोहता येणारा माणूसही बाहेर निघू शकत नाही. शेततळे हा स्विमिंग पूल नाही. कुंपण, काठावर बांधलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब आहे का, ते विचारा. विहिरीला कठडा आहे का, हेही पाहा.

३. पाऊस झाला तर गाडी निघेल का?
परभणीची काळी माती भिजली की चिकट होते आणि चाके जागेवरच फिरतात. डांबरी रस्ता शेतापासून किती लांब आहे, मोबाइलला रेंज आहे का आणि रात्री तिथे कोण थांबते, हे विचारा. जवळच्या सरकारी रुग्णालयाचे अंतर माहीत करून घ्या. रात्री जमिनीवर झोपू नका, अंधारात बॅटरीशिवाय फिरू नका. साप चावल्यास घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा.

४. पैसे कोणाला जातात?
आधी व्हिडिओ कॉलवर घर, शेत आणि रस्ता दाखवायला सांगा. खात्यावरचे नाव मालकाच्या नावाशी जुळते का, ते पाहा. पूर्ण रक्कम आधीच मागितली तर सावध व्हा. दर, जेवण आणि बुकिंग रद्द केल्यास परतावा किती, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.

हे क्रमांक सेव्ह करा
रुग्णवाहिका : १०८
पोलिस व अन्य तातडीची मदत : ११२
ऑनलाइन फसवणूक : १९३०

फसवणूक झाल्यास १९३० वर लगेच फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार झाली, तर ती गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.