कामापुरतं पातं

पूक्को हा फिनलंडचा कमरेचा चाकू. त्याचं पातं साधारण आठ ते दहा सेंटिमीटर, म्हणजे तळहाताच्या रुंदीएवढं किंवा किंचित जास्त. मूठ त्याहून जराशी लांब. पातं मिटत नाही, त्यामुळे कळ नाही आणि स्प्रिंगही नाही. पातं आणि मूठ यांच्यामध्ये बोटं अडवणारी आडवी पट्टीसुद्धा नाही. मासा साफ करायचा, शेकोटीसाठी ढलप्या काढायच्या, लाकडी चमचा कोरायचा, रानातली अळंबी खुडायची, दोर कापायचा, पावाला लोणी लावायचं, या सगळ्या कामांना फिनिश माणूस पिढ्यान्‌पिढ्या हाच एक चाकू वापरत आला आहे. एवढ्याशा अवजाराला इतकी कामं कशी पेलतात, हे ज्याला उमगलं त्याला कुठलाही चाकू निवडता येईल.

आधी पातं पाहू. आपल्या स्वयंपाकघरातली सुरी पाठीपासून धारेपर्यंत हळूहळू पातळ होत जाते. पूक्कोचं पातं तीन-चार मिलिमीटर जाड असतं. त्याच्या मध्यापासून किंवा त्याच्या थोडं खालून दोन्ही बाजूंना एकेक रुंद, सपाट उतार निघतो आणि थेट धारेला मिळतो. धारेजवळ दुसरा बारीक उतार नसतो. हा रुंद उतार लाकडावर टेकला की तो पात्याला वाट दाखवतो आणि ढलपी किती जाड निघावी हे मनगटाच्या जराशा हालचालीवर ठरतं. धार लावतानाही त्याचा आधार होतो. उतार दगडावर सपाट ठेवायचा आणि घासायचा, एवढंच. कोन राखण्याचं कसब नसलेलं दहा वर्षांचं पोरही ते शिकू शकतं. जो चाकू मालकाला स्वतः धारेवर आणता येतो, तोच त्याच्याजवळ वर्षानुवर्षं टिकतो.

आडवी पट्टी नसण्यालाही कारण आहे. ती पट्टी लागते भोसकण्याच्या हत्याराला, हात पुढे घसरू नये म्हणून. कोरणाऱ्याला मात्र तर्जनी आणि अंगठा धारेच्या जितके जवळ नेता येतील तितकं बरं. पातं आखूड ठेवलं तेही याचसाठी. लांब पात्याचं टोक हातापासून दूर जातं आणि त्यावरचा ताबा सुटतो.

लोहाराच्या भट्टीवर हे पातं जन्मतं ते बहुधा ०.८ ते १ टक्का कार्बन असलेल्या पोलादातून. लाल पट्टी ऐरणीवर ओढून तिला आकार द्यायचा, मग सुमारे ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलात बुडवायची. तापमान जोखायला जुन्या लोहारांची नजर पुरते, तरी पुष्कळजण लोहचुंबक जवळ ठेवतात, कारण तेवढ्या उष्णतेला पोलाद चुंबकाला चिकटत नाही. तेलातून निघालेलं पातं काचेसारखं कडक आणि तितकंच ठिसूळ असतं. म्हणून ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवतात. पातं तापवून असं बुडवण्याला आपल्याकडचे लोहार ‘पाणी देणं’ म्हणतात, आणि पात्याचं सगळं नशीब या काही मिनिटांत ठरतं. पाणी कमी बसलं तर धार वळते, जास्त झालं तर तिचे तुकडे उडतात.

पात्याची निमुळती शेपटी मुठीतून आरपार जाते आणि मागच्या टोकाला ठोकून पक्की करतात. मूठ सहसा बर्च झाडाची. या झाडाची ‘विसाकोइवू’ नावाची एक जात आहे. तिच्या लाकडात तपकिरी रेषा वेड्यावाकड्या गुंतलेल्या असतात आणि ते लाकूड सहजी तडकत नाही. दुसरी रीत बर्चच्या सालीची. सालीचे चौकोनी तुकडे एकावर एक रचायचे, दाबून घट्ट बसवायचे, मग घासून त्यांना आकार द्यायचा. ही मूठ ओल्या हातातून निसटत नाही. आणि उणे वीस-तीस अंशांच्या हिवाळ्यात, जिथे उघडा धातू हाताला चावतो, तिथे ती उबदार लागते. फिनलंडच्या हवामानानं चाकूवर केलेला हा संस्कार आहे.

म्यानाला तिथे ‘तुप्पी’ म्हणतात. तुप्पी म्हणजे अर्धा चाकू, असं मी मानतो. ओलं कातडं चाकूवर चढवून मागच्या बाजूनं शिवतात. वाळताना ते आवळून नेमका आकार धरतं. आत लाकडाचा पातळ साचा असतो, म्हणजे धार कातड्याला कापत नाही. पूक्को त्यात अर्ध्याहून जास्त मुठीसकट बुडतो आणि निव्वळ कातड्याच्या पकडीवर राहतो. बटण लागत नाही, पट्टा लागत नाही. तुप्पी कमरपट्ट्याला सैल लोंबते, त्यामुळे माणूस बसला, वाकला, होडीत चढला तरी ती बाजूला सरते आणि टोचत नाही. कोकणात माडावर चढणारा किंवा बागेत निघालेला माणूस कमरेच्या आकडीत कोयती अडकवतो, त्यामागेही हीच समज आहे: दोन्ही हात मोकळे, आणि हात मागे गेला की अवजार जागच्या जागी.

ही कारागिरी गावोगावची होती, पण काही गावांचं नाव झालं. पश्चिमेकडच्या ऑस्ट्रोबोथ्निया प्रांतातल्या कौहावा गावी ईसाक्की यार्वेनपा यांनी १८७९ मध्ये चाकू घडवायला सुरुवात केली. त्यांचा घोड्याच्या डोक्याच्या मुठीचा पूक्को देशभर मानाची भेट ठरला. पूर्वेकडे काइनू भागात काल्ले केरानेन या लोहारानं ‘तोम्मी’ हा नेमका, कामसू नमुना घडवला. उत्तरेला रोवानिएमीत यान्ने मार्त्तीनी यांनी १९२८ मध्ये कारखाना काढला. काचेच्या वस्तूंसाठी जगभर नावाजलेले रचनाकार तापिओ विर्क्काला यांनी १९६० च्या दशकात हाकमान कंपनीसाठी पूक्कोचा नवा आकार आखला. ते स्वतः पूक्कोनं कोरीवकाम करत, त्यामुळे आपल्या हाताला काय हवं हे त्यांना ठाऊक होतं.

या चाकूच्या इतिहासात रक्तही आहे. एकोणिसाव्या शतकात त्याच ऑस्ट्रोबोथ्नियात ‘पूक्कोयुंकारी’ म्हणवणाऱ्या दांडगटांनी लग्नसमारंभ आणि जत्रा दहशतीखाली ठेवल्या होत्या. फिनिश समाजानं हे झाकलं नाही आणि चाकूही टाकून दिला नाही. २००३ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यानुसार तिथे सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगता येत नाही. मासेमारीला, रानात किंवा कामावर निघालेल्याच्या कमरेला पूक्को चालतो, रात्री दारूच्या गुत्त्यात चालत नाही. मला हा नियम अतिशय शहाणा वाटतो. काम असेल तिथे चाकू, काम संपलं की चाकू घरी.

हेलसिंकी किंवा एस्पोला राहणाऱ्या आणि पावसाळी शरदात बेऱ्या-अळंबी वेचायला रानात जाणाऱ्या मराठी मंडळींनी पूक्को घ्यायचा तर थेट लोहाराकडून घ्यावा, आणि घेताना हात घाईनं खिशाकडे नेऊ नये. मूठ घट्ट धरून पाहावी: बोटं तळव्यात रुतता कामा नयेत आणि मुठीचा फुगवटा तळहाताच्या खळग्यात बसला पाहिजे. पातं जिथे मुठीत शिरतं तिथे फट नको, कारण तिथूनच पाणी शिरतं आणि शेपटी गंजते. धारेकडून पाहिल्यावर दोन्ही उतार सारखे दिसावेत. तुप्पी उलटी धरावी, पूक्को पडता कामा नये. अंगठ्यानं रेटला की मात्र सुटला पाहिजे. समुद्रावर, मासळीत वापरायचा असेल तर स्टेनलेस बरं. रानासाठी साधं कार्बन पोलादच घ्यावं, वापरून झाल्यावर पुसावं आणि तेलाचा हात फिरवावा. पात्यानं झाकणं उचकटू नयेत. निमुळत्या शेपटीला ते सोसत नाही. भारतात आणायचा तर तो विमानात जवळच्या पिशवीत चालत नाही, सामानात द्यावा लागतो.

महाराष्ट्रात असा चाकू हवा असेल त्यानं आधी कायदा समजून घ्यावा. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा उल्लेख आहे आणि घरगुती व शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. पूक्को या मापाच्या खूप आत बसतो. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाईहुकूम लागू असेल तेव्हा सुरा-चाकू घेऊन रस्त्यावर फिरता येत नाही. फार्महाऊसवर, शेतात, जंगलातल्या मुक्कामी तो सामानात बांधून न्यावा आणि तिथे पोचल्यावरच कमरेला लावावा.

चाकू मात्र परदेशातूनच मागवला पाहिजे असं नाही. गाडीच्या कमानपाट्यातून कोयते-विळे घडवणारे लोहार आपल्या बाजारपेठांत अजून भट्टी पेटवतात. त्यांना बोटभर रुंद, तळहाताएवढं पातं, दोन्ही बाजूंनी सपाट रुंद उतार आणि आरपार शेपटी सांगितली तर ते घडवू शकतील, कारण पाणी द्यायची विद्या त्यांच्या हातात आहेच. त्यांना त्या कामाचं मोल मात्र कोयत्याच्या भावानं देऊ नये. फिनलंडमध्ये पूक्को टिकला तो लोकांनी लोहाराला कारागीर म्हणून पैसे आणि मान दिला म्हणून. ते आपल्याला जमलं, तर आपल्या मापाचा, आपल्या कामाचा चाकू इथेच घडेल.