दुधाचे बिल, दिवाळीचा फरक आणि आपला शेअर

भिलाईतल्या आपल्या अनेक मराठी खातेदारांचे गावाकडे घर आहे, गोठा आहे आणि वडिलांच्या नावे गावच्या दूध संस्थेचा शेअरही आहे. हा शेअर म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. तसे का, हे दूध संघांच्या इतिहासातून नीट कळते.

१९४० च्या दशकात गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याचे दूध मुंबईला जाई. भाव मात्र पोल्सन कंपनी आणि तिचे ठेकेदार ठरवीत. शेतकऱ्यांनी दूध घालणेच बंद केले. त्यातून १४ डिसेंबर १९४६ रोजी त्यांचा स्वतःचा संघ नोंदला गेला. त्यालाच आज आपण 'अमूल' म्हणतो. कोल्हापूर जिल्ह्याचा संघ, म्हणजे 'गोकुळ', १६ मार्च १९६३ चा. शेतकरी गावच्या संस्थेचा सभासद आणि ती संस्था जिल्हा संघाची सभासद, अशी ही रचना. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच.

संस्थेत दूध मोजतात, फॅट आणि एसएनएफ तपासतात, त्यावर भाव ठरतो. बिल साधारण दर दहा दिवसांनी. बँकेच्या दृष्टीने या बिलाची किंमत मोठी आहे. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाला म्हशीसाठी कर्ज मिळू लागले ते याच बिलाच्या भरवशावर, कारण हप्ता बिलातूनच कापून घेता येतो.

दिवाळीच्या सुमारास मिळतो तो 'फरक'. हे व्याज नव्हे. वर्षअखेरीस उरलेल्या पैशातून, ज्याने जितके दूध घातले त्या प्रमाणात तो वाटला जातो. गोठा रिकामा असेल तर फरक नाही. शेअरवर मिळतो तो लाभांश, आणि तोही नफा झाला तरच. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात त्याला साधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे.

बँकेतल्या ठेवीला मुद्दल आणि व्याज धरून, प्रत्येक बँकेत ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. दूध संस्थेच्या शेअरला किंवा तिथे ठेवलेल्या पैशाला हे संरक्षण नाही. काही ठिकाणी फरकातूनच ठेव किंवा डिबेंचर म्हणून रक्कम कापून ठेवतात. तशी कापली असेल तर पावती मागा. मुदत आणि व्याजदर त्यावर लिहिलेला आहे का, ते पाहा.

आणि वडिलांच्या शेअरवर वारसाचे नाव लावले आहे का, तेही या दिवाळीला गावी गेलात की संस्थेच्या सचिवांना विचारून घ्या.