हंटरच्या अंगावरची धूळ



आयुष्यभर पोथ्यांतील पाठभेद तपासत बसलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने विमानाच्या प्रतिकृतीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु हस्तव्यवसायाच्या ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनीच माझ्या हाती प्रथम कानस दिली. शिवाय शाळेच्या काचेच्या कपाटासाठी मी जे हंटर विमान घडविले, त्याचा हिशेब देणे मला आवश्यक वाटते. कपाटात गेलेली वस्तू पुढील पिढीच्या लेखी पुरावा ठरते.

१८ डिसेंबर १९६१ रोजी मी अकरा वर्षांचा होतो. गोवामुक्तीच्या कारवाईत त्या दिवशी सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर मारा केला. दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकणारी कॅनबेरा विमाने पुण्याहून गेली होती. दुसऱ्या दिवशी पोर्तुगिजांनी शरणागती पत्करली. हे सारे मी पुढे वाचले. कॅम्पातील आम्हा मुलांच्या वाट्याला आला तो आवाज, आणि झाडांच्या शेंड्यांवरून क्षणभर सरकलेले एक रुपेरी पोट. एवढ्या भांडवलावर विमान घडत नाही.

प्रतिकृती १:७२ या प्रमाणातील आहे. सुमारे १४ मीटर लांबीचे मूळ विमान तीत जेमतेम १९ सेंटिमीटरचे होते. प्लास्टिकचे भाग चौकटीतून कापून काढावे, कडा कानसून घ्याव्या, द्रावकाने सांधे जुळवावे, फटी लांबीने बुजवून पॉलिश पेपरने घासाव्या, हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. नाकाची दोन्ही अर्धुके मिटविण्यापूर्वी आत शिशाचे छर्रे बसवावे लागतात, एवढे मात्र सांगतो. नाहीतर तीन चाकांचे हे विमान शेपटीवर बसते. माझे बसले होते.

रंगानंतर खरी परीक्षा सुरू होते. वरच्या अंगास गडद हिरवा आणि सागरी करडा, पोटास रुपेरी. त्यावर चकचकीत वार्निशाचा हात, मग पाण्यात भिजवून सरकविलेली तिरंगी वर्तुळे, पुन्हा वार्निश. त्यानंतर पातळ केलेला काळपट तैलरंग पत्र्यांच्या जोडरेषांत सोडायचा आणि उरलेला नाकाकडून शेपटीकडे पुसून घ्यायचा, कारण उडत्या विमानावरचा डाग वारा त्याच दिशेने ओढतो. खालचे वार्निश नसेल, तर ह्या पुसण्यात मूळ रंगही निघून येतो.

पहिल्या खेपेस मी फार रमलो. पंखांवर पावसाचे ओघळ काढले, जागोजाग रंगाचे टवके उडविले, पोटापर्यंत कॅम्पातली तांबडी माती चढविली. हंटरच्या देखभालीत उमेदीची वर्षे घालविलेले एक निवृत्त वायुसैनिक माझ्या शेजारी राहतात. त्यांनी ते विमान पाहिले आणि विचारले, “सर, ह्या विमानाला मेकॅनिकच नव्हता काय हो?”

मी वरमलो. आपल्याकडे डिसेंबर कोरडा असतो; ओघळ आले कोठून? हंटर विमाने भारतात १९५७ पासून येऊ लागली, म्हणजे त्यांतले कोणतेही तेव्हा जुनाट झालेले नव्हते. मी उडविलेला एक मिलिमीटरचा टवका मूळ विमानावर सात सेंटिमीटरचा होतो. एवढे उघडे पडलेले पत्रे कोणत्या मेकॅनिकने तसेच राहू दिले असते? पोथीच्या समासात नकलाकाराने स्वतःचे शब्द घुसडले की आम्ही त्याला प्रक्षेप म्हणतो. येथे प्रक्षेपकार मीच होतो. वैमानिकाचा गौरव करण्याच्या भरात, रोज पहाटे फडके घेऊन त्या विमानाखाली वाकणाऱ्या माणसांना मी आळशी ठरविले होते. ज्या सांबऱ्यात पुढे वायुसैनिकांच्या पिढ्यांनी प्रशिक्षण घेतले, त्याच्या पंचक्रोशीतील शाळेत असे विमान ठेवणे मला प्रशस्त वाटले नाही. रंग खरवडून पुन्हा आरंभ केला.

पोथीचे पान बोट लागते तेथेच काळवंडते. तोच न्याय येथे लावला. मारा करून परतलेले विमान दाखवायचे ठरविले. म्हणून रॉकेटांचे आधार रिकामे आहेत आणि नाकाखालच्या चार तोफांच्या तोंडामागे काजळी आहे. ती खडूच्या काळ्या पुडीची असून कोरड्या कुंचल्याने मागे ओढली आहे. शेपटीच्या टोकाशी धुराचा किंचित करपटपणा आहे. चाकांवर धूळ आहे, पण चिखल नाही.

शेजाऱ्यांनी हे दुसरे विमान हातात घेतले, उलटे केले, चाके पाहिली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वैमानिकाच्या कक्षाखाली, डाव्या अंगाला बोट ठेवून म्हणाले, “इथं शिडी लागत होती, सर. इथला रंग जरा घासा.”

ती खूण त्यांच्या सांगण्यावरून केली आहे. कपाटापाशी गेलात, तर डावीकडून पाहावे.